महाराणी लक्ष्मीबाई : नित्य व्यायाम व क्षात्रसाधना

काशीयात्रेस जाणारे बहुसंख्य महाराष्ट्रीय भाविक श्रीविश्वेश्वर, अन्नपूर्णा व काळभैरव यांचे दर्शन घेतात, पंचगंगा घाटावर स्नान करतात आणि परततात. अस्सी घाटाजवळच्या भदैनी या भागात झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई यांचे जन्मस्थान आहे व तेथे त्यांचे स्मारकही उभारलेले आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. यात्रेकरूंनी वाट थोडी वाकडी करून त्या स्थानी अवश्य जावे. राणीसाहेबांच्या पराक्रमाची कथा लहानपणापासून सर्वांनी ऐकलेली असते. परंतु त्या पराक्रमामागे वर्षानुवर्षांची शरीरसाधना होती, आणि ती साधना त्यांनी आपल्यापुरती न ठेवता झाशीतील इतर स्त्रियांनाही दिली, या गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. प्रस्तुत चरित्रात त्याच अंगावर भर दिला आहे.

बालपण व ब्रह्मावर्त

राणीसाहेबांचे माहेरचे नाव मणिकर्णिका. काशीतील मणिकर्णिका तीर्थावरून ते ठेवले गेले. घरात त्यांना मनू म्हणत. वडील मोरोपंत तांबे हे कऱ्हाडे ब्राह्मण, दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे बंधू चिमाजी आप्पा यांच्या आश्रयाने काशीस राहत असत. मातोश्रींचे नाव भागीरथीबाई. जन्मतिथी १९ नोव्हेंबर ही सर्वमान्य आहे. जन्मवर्ष मात्र काही चरित्रकार १८२८ तर काही १८३५ मानतात. चिमाजी आप्पांच्या निधनानंतर मोरोपंत कानपूरजवळ ब्रह्मावर्त, म्हणजे बिठूर येथे बाजीरावांच्या आश्रयास गेले. १८१८ मध्ये पुण्याचे राज्य गेल्यानंतर इंग्रजांनी बाजीरावांना वार्षिक आठ लक्ष रुपयांची नेमणूक देऊन तेथे ठेवले होते.

मनू चार वर्षांची असतानाच आईचे छत्र हरपले. घरात बाईमाणूस नाही, म्हणून मुलीला वडिलांनी आपल्याबरोबर पुरुषमंडळींत वागविले. मातृवियोगाचे दुःख ज्या घरात झाले त्याच घरातून मुलीला एक असाधारण मोकळीक मिळाली, हा दैवाचा विलक्षण खेळ म्हणावा लागेल. त्या काळच्या प्रतिष्ठित घरातील मुलीला अक्षरओळखही दुर्मिळ होती. मनू मात्र पेशव्यांचे दत्तकपुत्र नानासाहेब व त्यांचे पुतणे रावसाहेब यांच्याबरोबर लेखन-वाचन शिकली, घोड्यावर बसली, तलवार व बंदूक चालविण्यास शिकली. बाजीराव कौतुकाने तिला छबिली म्हणत. नानासाहेबांनी एकदा तिला हत्तीवर आपल्या शेजारी बसवून घेतले नाही. तेव्हा वडिलांनी, तुझ्या नशिबात हत्ती कोठला, असे म्हणून तिची समजूत घातली, आणि माझ्या नशिबी एक सोडून दहा हत्ती आहेत असे तिने त्यांना तडफेने उत्तर दिले, ही आख्यायिका प्रसिद्धच आहे.

ब्रह्मावर्ताच्या या वाड्यात एक मोठे गुरू होते, त्यांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाणे उचित होणार नाही. ते म्हणजे मल्लविद्येचे आचार्य बाळंभटदादा देवधर. निजामाच्या राज्यातील अली व गुलाब हे दोन बलाढ्य पहिलवान पेशव्यांच्या दरबारी आव्हान घेऊन आले असता कोणी पुढे होईना. तेव्हा तरुण बाळंभटदादांनी काही काळाची मुदत मागून वणीच्या सप्तशृंगी गडावर आदिमायेची उपासना आरंभिली. तेथे श्रीमारुतीने दृष्टांत देऊन लाकडी खांबावरच्या उड्या व पकडी दाखविल्या आणि त्या अभ्यासाच्या बळावर दादांनी कुस्ती जिंकली, अशी परंपरागत श्रद्धा आहे. महाराष्ट्राच्या आखाड्यांत मल्लखांबाचा जो प्रसार पुढे झाला त्याचे श्रेय दादांकडेच जाते. या विद्येच्या छायेत मनूचे बालपण गेले व तिला मल्लखांबाची गोडी लागली, ती अखेरपर्यंत टिकली.

मल्लखांब म्हणजे नुसत्या कसरती नव्हेत. जमिनीत घट्ट पुरलेला सागाचा अथवा शिसवीचा गुळगुळीत खांब, त्यास एरंडेल तेल चोळलेले. त्यावर अढी घालावयाची ती मांड्यांच्या पकडीवर. पकड सैल झाली की माणूस खाली येतो, तेथे सबब चालत नाही. दसरंग, फरारा, वेल, झाप अशा एकेका उडीसाठी महिनेच्या महिने घालवावे लागतात. मांड्या व पोटऱ्या सोलवटतात, मनगटे भरून येतात, तरी दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा खांबास नमस्कार करून सलामी द्यावयाचीच. हीच मांडीची पकड घोडेस्वाराला लागते, आणि लगाम एका हाती व तलवार दुसऱ्या हाती असलेल्या स्वाराला तर तिच्यावाचून तरणोपायच नाही. राणीसाहेबांचे अश्वकौशल्य दैवी देणगी म्हणून सांगितले जाते. त्या देणगीस खांबावरच्या तालमीची जोड होती, हे ध्यानी घ्यावे.

झाशी

१८४२ मध्ये मणिकर्णिकेचा विवाह झाशीचे अधिपती गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी झाला व सासरी तिचे नाव लक्ष्मीबाई ठेवण्यात आले. नेवाळकर घराणे मूळचे कोकणातील, रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांजा तालुक्यातील कोट गावचे. कुलस्वामिनी श्रीमहालक्ष्मी. तिचे मंदिर झाशी शहराबाहेर लक्ष्मी तलावाच्या काठी आहे. गंगाधरराव विद्येचे व नाट्यकलेचे शोकीन होते. वाड्याच्या रीतीप्रमाणे तरुण राणीला पडद्यात राहावे लागे. परंपरा अशी सांगते की, त्या काळातही त्यांनी आपला व्यायाम सोडला नाही. अंतःपुरातील दासींनाच त्यांनी सवंगडी केले व त्यांनाही घोड्यावर बसण्यास व शस्त्र धरण्यास शिकविले. सुंदर, मुंदर, काशी ही नावे लोकांच्या तोंडी आजही आहेत.

१८५१ मध्ये राणीसाहेबांना पुत्र झाला, परंतु तो अवघ्या काही महिन्यांचा होऊन वारला. या दुःखातून गंगाधरराव सावरले नाहीत. नोव्हेंबर १८५३ मध्ये अंथरुणावर असतानाच त्यांनी घराण्यातील आनंदराव या बालकास यथाविधी दत्तक घेतले व त्याचे नाव दामोदरराव ठेवले. दुसऱ्याच दिवशी, २१ नोव्हेंबर रोजी, त्यांचे देहावसान झाले. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याने दत्तविधान नामंजूर केले आणि १८५४ मध्ये झाशीचे राज्य खालसा झाले. राणीसाहेबांना दरमहा पाच हजार रुपये नेमणूक ठरली, किल्ला सोडून शहरातील वाड्यात राहावे लागले, वर मयत राजांचे कर्जही त्या नेमणुकीतून वळते करून घेण्याचा घाट घातला गेला. श्रीमहालक्ष्मीच्या पूजाअर्चेसाठी लावून दिलेली गावे सरकारजमा झाली, ही गोष्ट राणीसाहेबांच्या मनाला विशेष लागली. देवस्थानाचे उत्पन्न तोडणे म्हणजे काय, हे कोणत्याही देवस्थानाशी संबंध असलेल्या माणसास वेगळे सांगण्याची गरज नाही. जॉन लँग या बॅरिस्टरांचा सल्ला घेऊन त्यांनी विलायतेपर्यंत दाद मागितली. ती फेटाळली गेली.

विधवेची दिनचर्या

राज्य गेले, पती गेले, पोटचे मूल गेले. ज्या वयात इतर मुली नुकत्या संसाराला लागतात त्या वयात या बाई विधवा होऊन एका वाड्यात राहू लागल्या. त्या काळच्या उच्चवर्णीय विधवेच्या वाट्याला येणारे आयुष्य म्हणजे अंधारी खोली, एकभुक्त राहणे व जपमाळ. राणीसाहेबांनी जपमाळ सोडली नाही, परंतु खांबही सोडला नाही. त्यांच्या चरित्रातील हा काळ घटनांच्या दृष्टीने रिकामा दिसतो, म्हणून व्याख्यानांतून तो दोन वाक्यांत संपविला जातो. वस्तुतः पुढचे सर्व काही याच तीन-चार वर्षांत घडत होते.

त्यांच्या दिनक्रमाची माहिती मिळण्याचे भाग्य मराठी वाचकाला लाभले ते एका भिक्षुकामुळे. पेण तालुक्यातील वरसई गावचे वेदमूर्ती विष्णुभट गोडसे हे दारिद्र्याने गांजून, यज्ञाची दक्षिणा मिळेल या आशेने १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले, बंडाच्या धामधुमीत सापडले आणि वेढ्याच्या वेळी झाशीतच होते. घरी परतल्यानंतर त्यांनी लिहून ठेवलेली हकीकत १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्य यांनी माझा प्रवास या नावाने प्रसिद्ध केली. गोडसे भटजी हे कोणाचे स्तुतिपाठक नव्हते. जे पाहिले ते साध्या बोलीत त्यांनी नोंदले.

त्यांच्या व नंतरच्या चरित्रकारांच्या लेखनातून उभे राहणारे चित्र असे आहे. बाईसाहेबांना शरीर कमावण्याचा विलक्षण नाद होता. पहाटे उठून त्या मल्लखांब करीत, जोर काढीत, जोडी फिरवीत. त्यानंतर घोडा मंडळावर धरावयाचा, म्हणजे गोल रिंगणात फिरवून त्यास चाल शिकवावयाची. कधी घोडा उडवून खंदक वा भिंत पार करण्याचा सराव, कधी हत्तीवर बसणे. हे सर्व आटोपल्यावर स्नान. मग शुभ्र वस्त्र परिधान करून तुळशीची पूजा, पार्थिव शिवलिंगाचे पूजन, पुराणश्रवण. रामनाम लिहिलेल्या चिठ्ठ्या कणकेच्या गोळ्यांत घालून त्या माशांना खाऊ घालीत. दुपारनंतर राज्याचे कामकाज पाहावयाचे असे तेव्हा कधी पायजमा, अंगरखा, डोक्यास टोपी व तीवर पागोटे, कमरेस दुपट्टा व तलवार असा पुरुषी वेष असे. ठरलेल्या वारी श्रीमहालक्ष्मीच्या दर्शनास जात, कधी मेण्यातून तर कधी घोड्यावरून.

या दिनक्रमात व्यायाम व उपासना यांची फारकत नाही, हे भाविकांनी पाहावे. दोहोंस एकच नियम लागू होता. आज मन नाही, आज अंग दुखते, आज सण आहे, म्हणून त्यात खंड नाही.

घोड्यांची त्यांची पारख एवढी सूक्ष्म होती की एकदा एका व्यापाऱ्याने दिसावयास सारखीच दोन उमदी जनावरे आणली असता त्यांनी दोघांवर बसून पाहिले आणि एकाची किंमत हजार रुपये तर दुसऱ्याची पन्नास ठरविली. दुसऱ्याच्या छातीत पूर्वी दुखापत झालेली होती, हे व्यापाऱ्यालाही शेवटी मान्य करावे लागले, असे सांगतात.

झाशीच्या स्त्रिया

जून १८५७ मध्ये झाशीच्या फौजेने उठाव केला. किल्ल्यात आश्रय घेतलेले सुमारे साठ इंग्रज स्त्री-पुरुष व मुले बाहेर आल्यावर जोखनबागेत मारली गेली. या अमानुष कृत्याशी राणीसाहेबांचा संबंध इंग्रजांनी जोडला. परंतु बंडवाल्यांनी त्यांच्याकडूनच धमकावून पैसा घेतला होता आणि त्यांनी सागरच्या कमिशनरास पत्रे लिहून हे सर्व कळविले होते, हे कागदोपत्री आहे. शिपाई दिल्लीकडे निघून गेले आणि राज्य पुन्हा राणीसाहेबांच्या हाती आले. ते टिकविणे सोपे नव्हते. नेवाळकर घराण्यातीलच सदाशिवराव यांनी करेऱ्याचा किल्ला घेऊन स्वतःला राजा म्हणविले, त्यांचा बंदोबस्त झाला. मागोमाग ओरछ्याचा दिवाण नथेखान फौज घेऊन चालून आला, त्यालाही परतविण्यात आले.

जून १८५७ ते मार्च १८५८ हे नऊ महिने राणीसाहेबांना मिळाले. या अवधीत तोफा ओतल्या गेल्या, दारूचे कारखाने चालले, नवी भरती झाली. आणि याच अवधीत वाड्याच्या अंगणात चालणारी स्त्रियांची तालीम शहरभर पसरली. बुंदेलखंडात या स्त्रीपथकास दुर्गादल म्हणतात. त्यात वाड्यातल्या दासी होत्या, नाटकशाळेत काम करणारी मोतीबाई होती, कोरी समाजातील झलकारीबाई होती. झलकारीबाई झाशीजवळच्या भोजला गावची, तिचा नवरा पूरन हा राणीच्या फौजेत शिपाई. जातिभेदाचे जू मानेवर असलेल्या त्या काळात एका अंगणात या सर्वजणी एकत्र येत होत्या.

ही तालीम काय असेल याची कल्पना आज करणे अवघड आहे. जन्मभर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी बाई प्रथम घोड्यावर बसते तेव्हा तिला घोड्याइतकीच लोकांच्या नजरेची भीती वाटते. जात्यावर दळण दळणारे, विहिरीवरून दोन-दोन घागरी आणणारे हात दुबळे नसतात. परंतु तलवार पेलण्याचे बळ निराळ्या ठिकाणी लागते, ते मनगटात व खांद्यात आणावे लागते. तोफेचे काम तर त्याहून कठीण. गोळा वाहून आणावयाचा, दारूची थैली भरावयाची, नळी पुसावयाची, बत्ती दिल्यावर मागे सरणारी तोफ पुन्हा जागेवर लोटावयाची, आणि हे सर्व धुरात, कानठळ्या बसत असताना, समोरून गोळे येत असताना. घरचा स्वयंपाक, मुलेबाळे, म्हातारी माणसे आटोपून या बायका येत असतील, हेही विसरता येत नाही. राणीसाहेब स्वतः त्यांच्यात उतरून शिकवीत, असे लोकपरंपरा सांगते. त्यांच्या स्वभावाचा विचार करता यात काही अशक्य वाटत नाही.

या शिक्षणाची कसोटी लवकरच लागली. २१ मार्च १८५८ च्या सुमारास सर ह्यू रोज याची फौज झाशीपुढे येऊन ठेपली व थोड्याच दिवसांत तोफांचा मारा सुरू झाला. तटावर गुलाम गौसखान व त्याचे गोलंदाज कडकबिजली, भवानीशंकर आदी तोफा चालवीत होते. तटाला पडलेली खिंडारे रातोरात बुजविली जात. इंग्रज अधिकाऱ्यांना दुर्बिणीतून तटावर बायका दारूगोळा वाहताना व तोफांवर काम करताना दिसल्या आणि त्यांनी तसे लिहून ठेवले. शत्रूनेच दिलेली ही साक्ष आहे, म्हणून तिचे मोल मोठे. मोतीबाई तोफेवरच पडली. झाशीच्या किल्ल्यात गुलाम गौसखान, खुदाबक्ष व मोतीबाई यांची स्मृतिस्थाने एकत्र आहेत. हिंदू राणीच्या तोफांवर हे मुसलमान गोलंदाज व ही नटी एका ठिकाणी लढले व एका ठिकाणी विसावले.

तात्या टोपे वीस हजारांहून अधिक फौज घेऊन मदतीस आले, परंतु १ एप्रिल रोजी बेटवा नदीकाठी त्यांचा मोड झाला. ३ एप्रिलला इंग्रज शहरात शिरले. पुढचे काही दिवस शहरात जी कत्तल व लूट झाली तिचे वर्णन गोडसे भटजींनी केले आहे. ते वाचवत नाही. झलकारीबाई राणीचा वेष घेऊन शत्रूच्या छावणीकडे गेली व तिने काही काळ त्यांना भुलविले, अशी बुंदेलखंडाची दृढ परंपरा आहे. भारतीय टपाल खात्याने २००१ मध्ये तिच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

काल्पीची दौड

४ एप्रिलच्या रात्री राणीसाहेब किल्ल्यातून बाहेर पडल्या. किल्ल्यावरून घोड्यासह उडी घेतल्याची जागा आजही वाटाडे दाखवितात. भाविकांनी ती जरूर पाहावी, परंतु खरे आश्चर्य त्या उडीत नसून त्यानंतरच्या चोवीस तासांत आहे. झाशी ते काल्पी हे अंतर सुमारे १०२ मैल, म्हणजे एकशे साठ किलोमीटरांहून अधिक. ते त्यांनी जेमतेम एका अहोरात्रात घोड्यावरून कापले. पाठीशी दामोदरराव बांधलेले. पुतळ्यांतून व चित्रांतून ते तान्हे बाळ दाखविण्याचा प्रघात आहे, पण त्या वेळी दामोदरराव आठ-नऊ वर्षांचे होते. एवढ्या मुलाचे ओझे पाठीवर, कमरेला शस्त्रे, मागे पाठलाग, एप्रिल महिन्यातील बुंदेलखंडाचे ऊन आणि त्याआधी बारा-तेरा दिवस वेढ्यातील जागरण. भांडेर येथे मुलाला काही खाऊ घालण्यापुरत्या त्या थांबल्या, तोच लेफ्टनंट डॉकर स्वारांसह येऊन ठेपला. झालेल्या चकमकीत तो जबर जखमी झाला व राणीसाहेब पुढे निसटल्या. वडील मोरोपंत मात्र दतियाजवळ पकडले गेले व इंग्रजांनी त्यांना झाशीत फाशी दिले.

पहाटेच्या अंधारात तेल चोळलेल्या खांबावर घातलेली प्रत्येक अढी त्या रात्री कामास आली असेल.

काल्पीच्या परिसरात गोडसे भटजींची व राणीसाहेबांची पुन्हा गाठ पडली, तो प्रसंग ज्याने वाचला तो विसरू शकत नाही. रणातून आलेल्या, धुळीने माखलेल्या, तहानेने व्याकूळ बाईसाहेब एका विहिरीपाशी थांबल्या. अंगावर पठाणी वेष. भटजी मडके घेऊन पाणी काढावयास सरसावले, तेव्हा विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी ओढावे हे योग्य नाही, असे सांगून त्यांनी स्वतःच पाणी काढले व ओंजळीने पिऊन तहान भागविली. राज्य गेलेली राणी, हाती मातीचे मडके, आणि तशाही स्थितीत दुसऱ्याचा मान राखण्याचे भान. मग घोड्यावर बसून त्या निघून गेल्या.

७ मे रोजी कोंच येथे लढाई झाली. त्या दिवशी उन्हाचा ताप एवढा होता की गोरे शिपाई उष्माघाताने पटापट कोसळले, खुद्द सर ह्यू रोज याला अनेकदा घेरी आली. २२ मे रोजी काल्पीजवळ पुन्हा पराभव झाला. सर्वत्र निराशा पसरली असता ग्वाल्हेर घेण्याचा धाडसी बेत ठरला. १ जून रोजी शिंद्यांची फौज बंडवाल्यांना मिळाली, जयाजीराव शिंदे आग्र्यास गेले व ग्वाल्हेर हाती आले. रावसाहेबांनी तेथे दरबार व ब्राह्मणभोजने यांत अमूल्य दिवस घालविले. राणीसाहेबांना ते मुळीच रुचले नाही, त्या फौजेची कवाईत व नाकेबंदी यांच्या मागे होत्या.

१७ जून १८५८ रोजी कोटा की सराय येथे ब्रिगेडियर स्मिथ याच्या फौजेशी गाठ पडली. स्वारवेषातील राणीसाहेब आघाडीवर होत्या. मुंदर त्यांच्या बरोबर होती व तेथेच पडली. नेहमीचा घोडा त्या दिवशी नव्हता, नवा घोडा नाल्यापाशी अडला व पुढे जाईना, असे परंपरा सांगते. आठव्या हुसार्स पलटणीच्या स्वारांशी झालेल्या झटापटीत त्या प्राणांतिक जखमी झाल्या. सेवकांनी त्यांना जवळच बाबा गंगादास यांच्या मठात नेले. देह शत्रूच्या हाती लागू नये अशी त्यांची अंतिम इच्छा होती. मठातील गवताची गंजी व लाकडे यांवर घाईने अंत्यसंस्कार करण्यात आले आणि त्या वेळी मठाच्या साधूंनी शस्त्रे घेऊन इंग्रजांना थोपवून धरले. बंडवाल्यांच्या सर्व सेनानायकांत ही स्त्री सर्वांत शूर व श्रेष्ठ होती, असा अभिप्राय पुढे सर ह्यू रोज यानेच दिला.

त्यानंतर

बालक दामोदररावांना घेऊन काही निष्ठावंत स्वार दोन वर्षे रानावनात भटकत राहिले. अखेर इंदूर येथे इंग्रजांनी त्यांना तुटपुंजी नेमणूक देऊन ठेवले. झाशीवरील हक्काची दाद त्यांना कधीही मिळाली नाही. १९०६ मध्ये ते इंदुरासच वारले.

राणीसाहेबांच्या नावाने दुसऱ्यांदा स्त्रियांची पलटण उभी राहिली ती १९४३ मध्ये, सिंगापूर येथे. नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद सेनेत झाशीची राणी पलटण स्थापन केली व तिचे नेतृत्व डॉक्टर असलेल्या कॅप्टन लक्ष्मी स्वामीनाथन यांच्याकडे दिले. मलायातील रबराच्या मळ्यांत मजुरी करणाऱ्या तमिळ कुटुंबांतील मुली तीत मोठ्या संख्येने होत्या. ज्यांनी झाशी कधी पाहिली नव्हती, कित्येकींनी भारतभूमीही पाहिली नव्हती, त्या मुली पाठीवर ओझे घेऊन कूच करीत, बंदूक व संगीन चालविण्यास शिकत. एप्रिल १९४५ मध्ये रंगून सोडावे लागले तेव्हा शत्रूची विमाने टाळण्यासाठी रात्रीच्या अंधारात, चिखलातून व नद्या ओलांडून त्या बँकॉकच्या दिशेने चालत निघाल्या. नेताजीही त्यांच्याबरोबर पायी चालले. महाराष्ट्रात खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींना प्रवेश मिळण्यास मात्र २०२२ साल उजाडावे लागले. त्यांच्यापैकी सतरा जणींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये शिक्षण पूर्ण करून बाहेर पडली.

उत्तरेच्या यात्रेस जाणाऱ्या भाविकांनी काशीत भदैनीचे जन्मस्थान, झाशीत किल्ला, राणीमहाल व लक्ष्मी तलावाकाठचे श्रीमहालक्ष्मी मंदिर ही स्थाने पाहावीत. कानपूरमार्गे जाणाऱ्यांनी ब्रह्मावर्ताच्या घाटावर स्नान करावे. ग्वाल्हेर येथे फुलबाग भागात राणीसाहेबांची समाधी आहे. तिच्या जवळच गंगादासांची मोठी शाळा हा मठ आहे. साधूंनी त्या दिवशी हाती घेतलेली शस्त्रे तेथे जतन करून ठेवलेली आहेत व ती दर्शनार्थींस पाहता येतात.